गळ्याच्या गोलाईत गेलेली वेळ

अर्धे वाटाणे सोलून झाले होते, अर्धे अजून शेंगांतच होते, आणि मास्तरांचा हात मधेच थांबला. मांडीवरच्या ताटलीतून दोन दाणे घरंगळत मशीनखाली गेले, तरी त्यांना पत्ता नव्हता. रेडिओवर सकाळचं चिंतन चाललं होतं. शांत आवाजाचे एक गृहस्थ सांगत होते की माणसाने अधूनमधून डोळे मिटावेत आणि आपण कुणाबद्दल, कुठे, काय बोललो ते आठवून पाहावं.

मास्तरांना डोळे मिटायची गरजच नव्हती. गेले तीन आठवडे ते तेवढंच आठवत होते.

"अगं, आज गुरुवारच ना?"

"उजाडल्यापासून चौथ्यांदा विचारताय," आतून बायको म्हणाली. "गुरुवारच आहे. तुमच्यासाठी देव काही एक वार गाळून पुढे जाणार नाही. वाटाणे झाले का?"

"होतायत."

होत नव्हते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दाराशी कापायचं टेबल, खिडकीशी मशीन, भिंतीला गिऱ्हाइकासाठी पुरुषभर उंचीचा आरसा, आणि बटणांच्या डब्यांच्या रांगेत, जणू तोही एक डबाच, असा रेडिओ. बत्तीस वर्षं त्याचा काटा एकाच जागी होता. राष्ट्रीय केंद्र, जिथे दिवसभर माणसं नुसती बोलतात. गाण्याचं केंद्र मास्तर लावत नसत. गाण्याशी त्यांचं वैर होतं असं नाही. पण गाणं लागलं की पाय ताल धरायचा, पायडल त्या तालावर पळायचं आणि टाका लांब पडायचा. लग्न झालं त्याच वर्षी एका झकास लयीच्या गाण्यापायी एका वकिलाची पँट भर कोर्टात, बसल्या जागी उसवली होती. तेव्हापासून भाषणं. भाषणाला ताल नसतो. पाय आपल्या चालीने चालतो.

त्यामुळे झालं असं की मास्तरांना जगातलं सगळंच थोडं थोडं ठाऊक झालं. शेळीला जंत झाले तर काय द्यावं, कुठल्या समुद्राचं पाणी यंदा जास्त तापलंय, दोन देशांचं बिनसलं तर आधी कोण कुणाचा राजदूत परत पाठवतो, सगळं. माप घेता घेता ते हे गिऱ्हाइकाला सांगत, आणि दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पळूनही जाता येत नसे. दिवससुद्धा रेडिओनेच आखून दिलेला. चिंतनाला घरातली भाजी, शेतीला कापणं, आरोग्याला मशीन, दुपारच्या कथावाचनाला इस्त्री, परराष्ट्र धोरणाला उसवणं. बायको आतल्या खोलीत बसून काजं करायची. बत्तीस वर्षांतलं एकेक काज तिच्या हातचं. गिऱ्हाईक मात्र बटण लावता लावता म्हणे, "मास्तर, काजं काय सुरेख झालीत," आणि मास्तर मान डोलावत.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच राष्ट्रीय केंद्राची एक तरुण मुलगी खांद्याला यंत्र अडकवून दारात उभी राहिली. हाताने काम करणाऱ्यांचे आवाज गोळा करत ती गावोगाव फिरत होती. मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. बत्तीस वर्षं ऐकलं, आता ऐकवायची पाळी आली. दोनदा चहा झाला, मास्तर चाळीस मिनिटं बोलले. मशीनवर बोलले, कापडावर बोलले, वकिलाच्या पँटवर बोलले. शेवटी तिने मान थोडी कलती करून, फार गोड आवाजात विचारलं, "तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड काय?"

तिथे घात झाला.

मास्तर म्हणाले की खरं अवघड असतं ते गिऱ्हाइकाचं उणं त्याच्या स्वतःपासूनही झाकणं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण समोर यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. मास्तरांनी उदाहरण दिलं. "आमच्या इथे मुलींची शाळा आहे, तिच्या मोठ्या बाई. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. देवाने दोन खांदे दिले, ते सारखेच देईन असं काही लिहून दिलं नव्हतं. बावीस वर्षं मी त्यांच्या प्रत्येक कोटात डावीकडे एक जादा पॅड घालतो. शाळेला माहीत नाही, गावाला माहीत नाही, बाईंनाही माहीत नाही. त्यांना वाटतं, आपण सरळ आहोत."

मुलगी खूश होऊन गेली. तिच्यामागे दार लागलं आणि मास्तरांनी मापाच्या वहीचं कुलूप ओढून पाहिलं. मापाची वही ते बायकोलासुद्धा दाखवत नसत. कुणाचं पोट, कुणाची पाठ, कुणाचा एक पाय आखूड, सगळं त्या वहीत आणि वही कुलपात. आणि बावीस वर्षं कुलपात राहिलेली गोष्ट एका प्रश्नासरशी देशभर सुटणार होती. बाईंचं नाव घेतलं नव्हतं हे खरं. पण गावात मुलींची शाळा एक, तिच्या मोठ्या बाईही एकच. येत्या शनिवारी त्या पस्तीस वर्षांची नोकरी संपवून, मास्तरांनीच शिवायला घेतलेला करडा कोट घालून, अख्ख्या गावासमोर निरोप घ्यायला व्यासपीठावर उभ्या राहायच्या होत्या. त्याच्या दोन दिवस आधी गावाने रेडिओवर त्यांचा खांदा ऐकला, तर बाई ती पायरी चढतील का? समोरची सगळी डोकी एका बाजूला कलतील.

गेल्या आठवड्यात केंद्राचं पत्र आलं. आता इथे मास्तरांची एक खोड सांगायला हवी. घरात आलेला कुठलाही जाड कागद तासाभरात फर्मा व्हायचा, म्हणजे कपडा कापताना वर ठेवायचा कागदी नमुना. लग्नपत्रिकांचे खिसे होत, जुन्या कॅलेंडरांच्या बाह्या होत. मास्तरांच्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यातून लहान मुलाच्या चड्डीचा फार चांगला फर्मा निघाला होता. केंद्राचं पत्र तर कसं, जाड, पांढरंशुभ्र, कडक. चष्मा आत होता. मास्तरांनी लांब धरून 'गुरुवार' एवढं वाचलं, बाकीचं चष्मा लावून वाचू म्हणाले, आणि कात्री हातातच होती. संध्याकाळी चष्मा लावून पाहतात तर पत्राची कॉलर झालेली. एका टोकाला 'आपली मुलाखत येत्या गुरुवारी', दुसऱ्या टोकाला 'या कार्यक्रमात प्रसारित होईल'. मधली वेळ आणि कार्यक्रमाचं नाव गळ्याच्या गोलाईत गेलं होतं, आणि तो तुकडा चिंध्यांबरोबर चुलीत गेला होता. गोलाई मात्र सुरेख आली होती.

केंद्राला फोन लावला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "वेळ पत्राने कळवली जाते."

केंद्र कारागिरांच्या मुलाखती हल्ली शेतीपासून शाळेपर्यंत कुठल्याही कार्यक्रमात लावत असे. तेव्हा आज सकाळपासून उपाय एकच होता, दिवसभराचे सगळे कार्यक्रम कान देऊन ऐकायचे. बाईंना संध्याकाळी पाचला कोटाच्या ट्रायलला बोलावलं होतं. तोवर देवाच्या मनात असेल तर मुलाखत अशा वेळी लागेल की बाई वर्गात असतील, आणि गाव जेवून लवंडलेलं असेल.

शेतीच्या कार्यक्रमात शेळ्यांना जंत झाले. मास्तरांनी हुश्श केलं. तेवढ्यात सुतार आला, हातात पँटची गुंडाळी.

"मास्तर, खिसा पार गेलाय. उद्या सकाळी हवी."

"खिशात खिळे ठेवत जाऊ नका."

"मग काय तुमच्यासारखे तोंडात धरू?" सुतार स्टुलावर टेकला. "उद्या आठला मोठ्या बाईंकडे जायचंय. फाटक्या खिशाने गेलो तर त्यावरही ऐकून घ्यावं लागेल."

मोठ्या बाईंचं नाव निघताच मास्तरांच्या हातून खडू पडला. "कशाला बोलावलंय?"

"आरसा. चौथी वेळ ही. तिरका लागलाय म्हणतात. मी ती सपाटी बघायची लेव्हलची नळी लावून दाखवली, बुडबुडा कसा अगदी मधोमध. तर म्हणतात, तुमचा बुडबुडाच वाकडा आहे. आख्खी गल्ली ऐकत होती, मास्तर. गेल्या वेळी एका बाजूचा खिळा वर घेऊन दिला मुकाट्याने. आता आरसा खरंच तिरका आहे, माझ्या डोळ्यांना बघवत नाही. तर म्हणतात, अजून थोडा."

"हं," मास्तर म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष रेडिओत होतं आणि उरलेलं अर्धं शनिवारात. सुतार आणखी काही बोलला, मास्तर आणखी एकदा 'हं' म्हणाले, आणि सुतार उठून गेला.

आरोग्याचा कार्यक्रम लागला तेव्हा मास्तरांनी तो खिसा मशीनवर घेतला होता. डॉक्टर म्हणाले, "श्रोतेहो, नमस्कार. आज आपण खांद्याविषयी बोलणार आहोत."

मास्तरांचा पाय पायडलवर दणकन पडला. डॉक्टर पंधरा मिनिटं खांद्यावर बोलले. खांदा आखडतो कसा, शेकावा कशाने, हात भिंतीवर सरकवत वर कसा न्यावा. मास्तर वाट पाहत राहिले की आता डॉक्टर म्हणतील, याचंच एक उदाहरण आपल्याला एका शिंप्याने दिलं आहे. डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत. शेवटी नमस्कार करून गेले.

बायको चहा घेऊन आली. तिने पँट उचलून पाहिली. "अहो, हा खिसा आहे की उशी?"

मास्तरांनी खिशाचं तोंड शिवून टाकलं होतं. दुहेरी शिलाई, मजबूत.

"एवढं कसलं घाबरणं ते," ती म्हणाली. "स्वतःचा आवाज लागणार म्हणून माणसं गोडधोड करतात. काय बोललात तरी काय तिथे?"

"कामाबद्दल."

"माझ्याबद्दल काही बोललात?"

"छे."

"वाटलंच," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

बाराच्या ठोक्याला शालेय कार्यक्रम. हा मास्तरांना सगळ्यात धोक्याचा वाटत होता, कारण मोठ्या बाई तो कर्ण्यावरून अख्ख्या शाळेला ऐकवत. सभागृहात तीनशे मुली मांडी घालून बसत आणि कुणी हललं तर बाईंचा चष्मा हलायचा. निवेदिका लाडिक आवाजात म्हणाली, "बालमित्रांनो, आज आपण भेटणार आहोत आपल्या हातांनी जादू करणाऱ्या एका कारागिराला."

पुढचं ऐकायला मास्तर थांबले नाहीत. गळ्यात टेप, कानावर खडू, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक बायकोची, असे ते निघाले. औषधाच्या दुकानावरून गेले, पोस्टावरून गेले, फाटकातला शिपाई "अहो मास्तर" म्हणेपर्यंत सभागृहाच्या दारात पोचले. आत बाई उजवीकडे खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कर्णा गरजत होता. मास्तर धापा टाकत थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. कर्णा आणि बाई यांच्या मधे उभं राहिलं तर आवाज अडेल, असं त्या घडीला त्यांना वाटलं असावं.

"मास्तर? ट्रायल पाचला ना?"

"हो, बाई. पण एक माप राहिलं होतं."

"कसलं?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "मनगट," ते म्हणाले.

"मनगट तुम्ही गेल्या सोमवारी घेतलंत. त्याआधीच्या शुक्रवारीही घेतलंत."

"हवेने फरक पडतो, बाई."

तीनशे मुलींसमोर त्यांनी बाईंचं मनगट मोजलं. पहिल्या रांगेत खसखस पिकली. तेवढ्यात कर्ण्यातला कारागीर बोलू लागला. तो कुंभार होता. माती कशी मळतात ते सांगत होता. मास्तर टेप हातात धरून तिथेच ऐकत उभे राहिले.

"बसा, ऐकायचं तर," बाई म्हणाल्या. "नाहीतर जा. मधे उभे राहू नका."

घरी आल्यावर बायकोने आधी आपली चप्पल मागितली आणि मग कारण. मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत गेली. हातातली सुई थांबली नाही, पण टाके सावकाश पडू लागले.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "त्या कोटांची काजं मी करते. मला नाही सांगितलंत."

"मापाची गोष्ट कुणाला सांगायची नसते."

"हो ना. म्हणून देशाला सांगितलीत."

मास्तर स्टुलावर जाऊन बसले.

"आता बसून काय होणार," ती दोरा तोडून म्हणाली. "मी सकाळी देवाला सांगितलंय की यांची मुलाखत चांगली होऊ दे. आता पुन्हा जाऊन ती न होऊ दे म्हणायला मला तोंड नाही. बाई पाचला येतायत. रेडिओने सांगण्याआधी तुम्ही सांगा."

"कसं सांगू?"

"तोंडाने."

दुपारच्या कथावाचनात एका नावाड्याची गोष्ट होती, संसदेच्या गोषवाऱ्यात धरणांची. मास्तर दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला श्वास धरत आणि दोन वाक्यांनी सोडत. मधल्या वेळात कोपऱ्यातल्या लाकडी पुतळ्याला करडा कोट चढवून ते सराव करत होते. "बाई, राग मानू नका, पण तुमच्या खांद्याचं जरा..." पुतळ्याचे दोन्ही खांदे सारखे होते, त्याला काय कळणार. "बाई, खांदा ही गोष्ट अशी असते की..." नाही जमलं. परराष्ट्र धोरणावर बोलणारे गृहस्थ मात्र सांगत होते की अवघड गोष्ट थेट न मांडता चर्चेच्या ओघात मांडावी. मास्तरांनी ते मनाशी धरलं.

पाचाचे ठोके आणि मोठ्या बाईंचं पाऊल एकाच वेळी पडलं. छत्री कोपऱ्यात, पिशवी टेबलावर, अंगातला शाळेचा कोट खुंटीला, आणि बाई आरशासमोर.

"मनगटं तेवढीच आहेत का अजून?"

"तेवढीच, बाई."

मास्तरांनी कच्च्या टाक्यांचा कोट त्यांच्या अंगावर चढवला, आठ-दहा टाचण्या ओठांत धरल्या आणि बाजू आत घ्यायला लागले. आरशात बाई सरळ, ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत. काम खरोखरच चांगलं झालं होतं. एखाद्या परक्या शिंप्याने केलं असतं, तरी मास्तरांनी वाखाणलं असतं.

"रेडिओ जरा मोठा करा," बाई म्हणाल्या. "सव्वापाचला 'कामाचे हात' असतं. मी चुकवत नाही. लोक शुद्ध बोलत नाहीत त्यात, पण खरं बोलतात."

मास्तरांचा हात रेडिओकडे गेला तो बंद करायला. आतल्या दारातून बायको खोकली. हात तसाच मागे आला.

"आजच्या 'कामाचे हात'मध्ये," निवेदक म्हणाला, "ऐकू या, कपडे शिवणाऱ्या एका मास्तरांना."

आणि कार्यक्रमाची धून सुरू झाली. ही धून पस्तीस सेकंदांची असते हे मास्तरांना पाठ होतं, तेवढ्यात एक बटण लावून होतं. चर्चेचा ओघ वगैरे काही आठवलं नाही. त्यांनी टाचण्या तळहातावर काढल्या.

"बाई, तुमचा डावा खांदा पाऊण इंच खाली आहे. बावीस वर्षं मी कोटात पॅड घालतोय. तुम्हाला कळू दिलं नाही आणि आता रेडिओवर सांगून बसलो. तो कार्यक्रम हाच. माझी चूक झाली."

बाई हलल्या नाहीत. हलता येतही नव्हतं, दोन्ही कुशींना टाचण्या होत्या. आरशातले त्यांचे डोळे मात्र मास्तरांवरून सरकून डाव्या खांद्यावर गेले आणि तिथेच थांबले.

धून संपली. रेडिओतून एक घोगरा, थोडा नाकातला आवाज आला.

"हा कोण?" मास्तर पुटपुटले.

"तुम्ही," बायको म्हणाली.

"माझा आवाज असा आहे?"

"बत्तीस वर्षं."

घोगरा आवाज गाण्याविषयी बोलला, पायाविषयी बोलला. वकिलाची पँट येऊन गेली. शाळा सोडल्याच्या दाखल्याची चड्डी येऊन गेली, तेव्हा बाईंची भुवई वर चढली. मग त्या मुलीचा गोड आवाज आला. "तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड काय?"

मास्तरांनी मशीनची कड धरली.

"काज," रेडिओतले मास्तर म्हणाले. "ते मला आजतागायत जमलेलं नाही. आमची ही करते. आत बसून, खिडकीच्या उजेडात. लोक मला म्हणतात, मास्तर, काजं काय सुरेख. मी आपली मान डोलावतो. खरं म्हणजे माझ्या कोटाला लोक हात लावतात तो तिच्या कामाला लावतात."

पुन्हा धून लागली. निवेदक म्हणाला, यानंतर बाजारभाव.

मास्तर रेडिओकडे बघत राहिले. आता त्यांना आठवलं. आधी काजाचं बोलले होते, मग 'पण त्याहून अवघड म्हणजे' असं म्हणून खांद्यावर गेले होते. मुलीने 'पण त्याहून'च्या आधी कात्री चालवली होती. इतकं साफ कापलं होतं की कुठे काही होतं हे कळूच नये.

दारात बायको उभी होती. सुई दोऱ्यासकट हातात तशीच.

"छे म्हणाला होतात," ती म्हणाली.

"विसरलो होतो."

"हं," ती म्हणाली, आणि उगीचच वळून आत गेली. जरा वेळाने भांड्यांचा आवाज आला. चहा ठेवला जात होता, वेळ नसताना.

"खांद्याचं काही आलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"म्हणजे तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलंच नसतं."

"नाही."

"शनिवारीही नाही."

"कधीच नाही, बाई."

"मूर्ख आहात," बाई म्हणाल्या. उत्तरपत्रिकेवर गुण मांडावेत तितक्या सरळ आवाजात. मग म्हणाल्या, "काढा तो पॅड."

"बाई, राहू द्या ना."

"काढा."

मास्तरांनी दोन टाके उसवले आणि पॅड ओढून काढला. डावीकडचं कापड हळूच खाली बसलं, थकलेल्या माणसाने खुर्चीत बसावं तसं. बाई पाहत राहिल्या. मान डावीकडे करून पाहिलं, उजवीकडे करून पाहिलं.

"हा आरसा सरळ आहे?"

"सुतारानेच लावलाय. नळी लावून, बुडबुडा बघून."

बाई जाऊन स्टुलावर बसल्या. "बाई, टाचण्या," मास्तर म्हणाले. "टोचू द्या," त्या म्हणाल्या.

बायको तीन कप घेऊन आली. मग बाई बोलल्या, कपाकडे बघत. "घरच्या आरशात मी सकाळी केस विंचरते. अंगात घरातला ढगळ झगा असतो. रोज मला आरशाची चौकट एकीकडे आणि मी एकीकडे दिसते. शाळेत कोट घालून बघते तर सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, घरचा आरसाच वाकडा. चार वर्षांत तीनदा त्या सुताराला चढवला भिंतीवर. घर वाकडं बांधलंय म्हटलं. तुमचा बुडबुडा वाकडा आहे म्हटलं."

बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, पण बाईंच्याच कपातला चहा हिंदकळायला लागला होता. बाईंना हसताना मास्तरांनी बावीस वर्षांत दोनदा पाहिलं होतं. ही तिसरी वेळ.

"बुडबुडा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "अरे देवा. तो माणूस तेव्हा नुसता त्या नळीकडे बघत राहिला होता."

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा मोठ्या बाई झाल्या. "किती जणांना माहीत आहे?"

"तुम्ही, मी, ही. आणि ती रेडिओवाली मुलगी."

"तिने कापलं, म्हणजे तिला अक्कल आहे. वहीत लिहिलंय?"

"वही कुलपात असते, बाई."

"तिथेच राहू द्या. आणि तो पॅड परत घाला. पस्तीस वर्षं या गावाने मला सरळ पाहिलंय, शेवटच्या दिवशी त्यांना नवीन काही दाखवायची मला हौस नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे." त्या उठल्या, आणि कोटाच्या पुढच्या काठावरचं एक काज बोटाने चाचपलं. दुसरं चाचपलं. "काजं तुमची?"

"हो," बायको म्हणाली.

"बावीस वर्षं मी यांना शाबासकी देत आले. ती यांच्याकडून आज परत घेतली. शनिवारी पहिल्या रांगेत बसा. तुमच्या नावाने खुर्ची ठेवायला सांगते."

बायको रिकामे कप गोळा करायला लागली आणि भरलेलाही एक त्यांत घेऊन गेली. तो मास्तरांचा होता.

बाईंनी टाचण्यांचा कोट उतरवून दिला, शाळेचा कोट अंगात न घालता हातावर टाकला आणि छत्री, पिशवी घेतली. दाराशी जाऊन त्या थांबल्या. "मास्तर, सुतार उद्या आठला यायचाय. त्याला सांगा, आरसा अगदी पहिल्यांदा लावला होता तसा करायचा. आणि सांगा की बुडबुडा बरोबर होता. बाईंनी सांगितलंय म्हणून सांगा."

"का म्हणून विचारलं तर?"

"ते तुम्ही बघा. उणं झाकणं हेच तुमचं काम ना?" असं म्हणून बाई गेल्या. पाठमोऱ्या रस्त्याने चालत गेल्या तेव्हा त्यांचा डावा खांदा थोडा खाली दिसत होता. त्यांनी तो वर उचलायचा प्रयत्न केलेला नव्हता.

मास्तरांनी रेडिओ बंद केला. दिवेलागणीच्या आत तो बंद होण्याची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ असावी. मग सुताराची पँट घेऊन, खिशाच्या तोंडावरची दुहेरी शिलाई एकेक टाका करून उसवली, आतली फाटकी बाजू धरून नीट शिवली आणि पँटची घडी केली.

"आणि वाटाणे?" आतून विचारणा झाली. ताटली सकाळपासून मशीनच्या कडेला तशीच होती.

"आल्यावर सोलतो."

"आता कुठे निघालात?"

मास्तरांनी घडी बगलेत मारली आणि या वेळी दोन्ही चपला आपल्याच आहेत ना ते पाहिलं.

"सुताराकडे," ते म्हणाले. "पँट द्यायचीय, आणि बुडबुडा बरोबर होता एवढं सांगायचंय."